माल ज्याचा, सत्ता कोणाची?

२०१८ सालच्या फेब्रुवारी महिन्याच्या १४ तारखेस केंटकी फ्राइड चिकन, अर्थात केएफसी, या अमेरिकी खाद्यसंस्थेच्या ब्रिटनमधील उपाहारगृहांना माल पोहोचविण्याचे काम एका वाहतूकदाराच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेले, आणि पुढील चार-पाच दिवसांत त्या देशातील तिच्या सुमारे ९०० उपाहारगृहांपैकी निम्म्याहून अधिक बंद पडली. संप नव्हता, रोगराई नव्हती, गिऱ्हाईकही रुसले नव्हते. ज्या एका जिनसावर त्या संस्थेचे नाव आणि उत्पन्न ही दोन्ही उभी आहेत ती कोंबडी उपाहारगृहाच्या दारापर्यंत पोहोचत नव्हती, इतकेच. लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स विभागातील पोलिसांना, केएफसीतील तुटवडा हा पोलिसांचा विषय नसल्यामुळे त्यासाठी आपल्याकडे विचारणा करू नये, असे नागरिकांस जाहीरपणे सांगावे लागले. संस्थेने वृत्तपत्रांत पानभर जाहिरात देऊन ग्राहकांची क्षमा मागितली. आणि मार्चच्या ८ तारखेस, म्हणजे महिनाही उलटण्याच्या आत, देशाच्या उत्तर भागातील ३५० उपाहारगृहांचा पुरवठा ज्याच्याकडून काढून घेतला होता त्याच जुन्या वाहतूकदाराकडे परत सोपविण्याचा निर्णय तिला जाहीर करावा लागला.

हा जुना वाहतूकदार म्हणजे बिडव्हेस्ट लॉजिस्टिक्स ही उपाहारगृहांना खाद्यमाल पोहोचविण्याच्याच धंद्यात मुरलेली कंपनी. नव्या व्यवस्थेत गोदामे आणि गाड्या यांचा कारभार डीएचएल या जगड्व्याळ संस्थेकडे, आणि मागणीचा अंदाज बांधणे व साठ्याचा हिशेब राखणे हे काम क्यूएसएल नावाच्या दुसऱ्या कंपनीकडे, अशी वाटणी झाली होती. जीएमबी या कामगार संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे बिडव्हेस्ट सहा गोदामांतून माल रवाना करीत असे. डीएचएलने तो सारा वॉरिकशायर परगण्यातील रग्बी या गावच्या एकाच गोदामातून पाठविण्याचे योजिले. रग्बी हे इंग्लंडच्या मध्यभागी, मोठ्या हमरस्त्यांच्या सांध्यावर वसलेले; नकाशा पुढे ठेवून पाहिले तर निवड निर्दोष दिसावी अशी. परंतु बदलाच्या पहिल्याच रात्री त्या हमरस्त्यांवर अपघात झाले, गाड्या खोळंबल्या, आणि एका गोदामाचे दार तुंबले की दुसरे दार उघडण्याची सोयच नसल्यामुळे मागची गाडी पुढच्या गाडीत, आजची मागणी उद्याच्या मागणीत अडकत गेली. गोठविलेला माल असता तर उपाहारगृहांनी आपापल्या शीतपेट्यांतील साठ्यावर चार दिवस काढले असते. पण ताजी कोंबडी हेच तर या संस्थेचे ब्रीद, आणि ताज्या मालाला थांबणे ठाऊक नसते.

एखाद्या कंपनीने आपल्या मालाची ने-आण, साठवण आणि वाटप ही कामे परक्या संस्थेवर सोपविली म्हणजे त्या दोघांत सत्ता कोणाची, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. जो पैसे देतो तो धनी आणि जो पैसे घेतो तो चाकर, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते, आणि करारनाम्याची भाषाही तिला दुजोरा देते. कारण त्यात मुदती, दंड, तपासण्या आणि करार रद्द करण्याचे अधिकार बहुधा काम देणाऱ्याच्याच बाजूने लिहिलेले असतात. केएफसीनेही कागदावर सर्व अधिकार आपल्याकडेच राखले असणार, आणि त्यांपैकी सर्वांत मोठा अधिकार, म्हणजे जुन्या वाहतूकदारास निरोप देण्याचा, तिने बजावलाही. तथापि महिन्याभरात त्याच वाहतूकदाराच्या दाराशी तिला परत जावे लागले, ही गोष्ट करारनाम्यातील कोणत्याही कलमाने उलगडत नाही.

ती उलगडते रिचर्ड इमर्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९६२ साली एका निबंधात मांडलेल्या विचाराने. सत्ता हा कोणा व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या अंगी असणारा गुण नसून तो दोघांमधील संबंधाचा गुण होय, असे इमर्सनने प्रतिपादिले; एकाची दुसऱ्यावर जेवढी सत्ता असते ती नेमकी त्या दुसऱ्याच्या पहिल्यावरील अवलंबनाइतकी असते; आणि हे अवलंबन दोन गोष्टींवर ठरते, पहिल्याजवळ असलेल्या वस्तूची दुसऱ्याला किती निकड आहे यावर, आणि ती वस्तू त्याला अन्यत्र किती सहज मिळू शकते यावर. या दृष्टीने पाहिले म्हणजे पैसे कोण देतो, कोणाची इमारत उंच आहे, कोणाचे नाव घरोघर ठाऊक आहे, या गोष्टी गौण ठरतात. दुसऱ्याला सोडून कोण जाऊ शकतो आणि जाण्याची किंमत कोणाला किती पडते, एवढेच अखेरीस पाहावयाचे उरते.

माल दुसऱ्याकरवी वाहविणे ही काही नवी रीत नव्हे. आपल्याकडे जुन्या काळी व्यापारी आपला माल हुंडेकऱ्याच्या स्वाधीन करीत आणि तो वाटेवरच्या जकातीसह एकरकमी भाडे ठरवून माल मुक्कामी पोहोचविण्याची जबाबदारी पत्करीत असे. विसाव्या शतकात मोठमोठ्या कारखान्यांनी आणि दुकानसाखळ्यांनी स्वतःच्या गाड्या आणि वखारी उभारल्या, आणि त्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत पुन्हा त्यांनी हे ओझे खांद्यावरून उतरविण्यास आरंभ केला. अमेरिकेत १९८० च्या कायद्याने मालमोटारींच्या धंद्यावरील सरकारी निर्बंध सैल झाले. ब्रिटनमध्ये राष्ट्रीयीकृत मालवाहतूक मंडळ १९८२ साली खुद्द त्याच्या कामगारांनी आणि अधिकाऱ्यांनी मिळून विकत घेतले. या मंडळाचा पुढचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. त्यातूनच एक्सेल ही कंत्राटी वाहतुकीची बलाढ्य कंपनी आकारास आली, आणि २००५ साली ती जर्मनीच्या टपालसंस्थेने घेऊन डीएचएलमध्ये विलीन केली; म्हणजे रग्बीच्या गोदामात ज्या डीएचएलची फजिती झाली तिच्या ब्रिटिश शाखेच्या पाठीशी मालमोटारी चालविण्याचा अनेक दशकांचा अनुभव होता. अनुभव नव्हता तो केएफसीच्या मालाचा, आणि त्या दोहोंत महदंतर आहे.

हे अंतर समजण्यासाठी ऑलिव्हर विल्यमसन या अर्थशास्त्रज्ञाकडे वळावे लागते. २००९ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या दोघांना विभागून मिळाले त्यांपैकी हे एक. त्यांच्या विवेचनातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा मुद्दा असा की, करारापूर्वीची आणि करारानंतरची बाजारपेठ ही एकच नसते. निविदा मागविल्या जातात तेव्हा दहा वाहतूकदार हात जोडून उभे असतात आणि काम देणारा खरोखरच राजा असतो. पण एकदा त्यांतल्या एकास निवडले आणि त्याने या कामापुरतीच उपयोगी पडतील अशी शीतगोदामे बांधली, गाड्यांत विशिष्ट मांडण्या बसविल्या, आपली हिशेबाची यंत्रणा कंपनीच्या यंत्रणेशी जोडली, कोणत्या उपाहारगृहाचे मागील दार अरुंद आहे आणि कोणत्या गल्लीत पहाटे पाचनंतर गाडी शिरत नाही हे त्याच्या चालकांना मुखोद्गत झाले, म्हणजे उरलेले नऊ आपोआप नाहीसे होतात. आता दोघेच समोरासमोर, दोघेही एकमेकांत गुंतलेले, आणि ज्याची गुंतवणूक अन्यत्र वळविता येत नाही तो दुसऱ्याच्या मर्जीत सापडलेला. ही गुंतवणूक दर वेळी वाहतूकदाराचीच असते असे मात्र नाही. इमारत वाहतूकदाराची असेल तर तो अडकतो. पण ज्ञान वाहतूकदाराजवळ साठले आणि कंपनीजवळचे आटले तर अडकते ती कंपनी.

घरचा स्वयंपाक वर्षानुवर्षे आचाऱ्यावर सोपविलेल्या यजमानास, आचारी गेल्यावर फडताळातला मिठाचा डबाही सापडत नाही, तशी अवस्था मोठमोठ्या कंपन्यांची होते. वाहतुकीचे काम बाहेर देताना त्या काम देतात, गाड्या देतात, माणसेही देतात. आणि नकळत त्याबरोबर त्या कामाची समजही देऊन टाकतात. दहा वर्षांनी कंपनीत जे चार अधिकारी उरतात त्यांना दरमहाच्या तक्त्यांतील टक्केवारी वाचता येते, पण ती टक्केवारी कशी घडते ते ठाऊक नसते. मग नवा देकार आला की तो भावावरून जोखला जातो, कारण जोखण्याचे दुसरे माप हातात उरलेलेच नसते. कामाचा खरा खर्च किती, हे ज्याला स्वतःला सांगता येत नाही त्याने स्वस्त देकार स्वीकारणे हा शुद्ध जुगार होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

करारांचे जे निरनिराळे प्रकार या धंद्यात रूढ झाले आहेत ते याच अडचणीवरचे तोडगे आहेत. कोठे दर नगाला ठरीव दर. कोठे उघड्या वहीचा करार, म्हणजे वाहतूकदाराने आपला सर्व खर्च दाखवावा आणि कंपनीने तो देऊन वर व्यवस्थापनाचा मोबदला द्यावा. दुसऱ्या प्रकारात लपवाछपवी कमी, परंतु खर्च कमी करण्याची वाहतूकदारास निकड राहत नाही. म्हणून बचतीत दोघांचा वाटा ठेवण्याची जोड त्याला दिली जाते. ब्रिटनमध्ये २००६ च्या नियमांनुसार असे काम एका कंत्राटदाराकडून दुसऱ्याकडे गेले तर त्या कामावर नेमलेले कामगारही सामान्यतः जुन्याच अटींवर नव्याकडे जातात, त्यामुळे पुष्कळदा गोदाम तेच, माणसे तीच आणि फाटकावरची पाटी तेवढी बदललेली, असे दृश्य दिसते. अशा ठिकाणी ज्ञान माणसांबरोबर टिकून राहते आणि बदल निर्वेध पार पडतो. केएफसीच्या बाबतीत जागाच बदलली, सहाच्या ठिकाणी एक आली. बिडव्हेस्टचे एक आगार बंद होऊन २५५ जणांची नोकरी गेल्याचे जीएमबीने त्या वेळी सांगितले. त्या २५५ जणांबरोबर किती अलिखित माहिती दाराबाहेर गेली असेल, याचा हिशेब कोणत्याही निविदेत मांडलेला नसतो.

आता याच चित्राची दुसरी बाजू पाहू, कारण कंपनी वाहतूकदारावर विसंबलेली असते त्याहून अधिक वेळा वाहतूकदार कंपनीवर विसंबलेला असतो. अमेरिकेत २०१३ च्या नाताळात युनायटेड पार्सल सर्व्हिस, म्हणजे यूपीएस, या जुन्या संस्थेला पार्सलांचा लोंढा आवरला नाही आणि असंख्य घरांत भेटवस्तू सणानंतर पोहोचल्या. ॲमेझॉनला आपल्या ग्राहकांना भरपाई द्यावी लागली. त्यानंतर त्या कंपनीने ज्या क्रमाने पावले टाकली तो क्रम इमर्सनचा निबंध समोर ठेवून आखल्यासारखा भासतो. तिने स्वतःची वर्गवारी केंद्रे वाढविली, मालमोटारींचे ट्रेलर घेतले, आणि २०१६ साली एटीएसजी व ॲटलस एअर या दोन विमानवाहतूक कंपन्यांशी प्रत्येकी २० बोइंग ७६७ विमानांचा करार केला. या करारांतील एक कलम विलक्षण होते. काम देण्याच्या बदल्यात या दोन्ही कंपन्यांचे भाग ठरावीक किमतीस पुढे विकत घेण्याचा हक्क ॲमेझॉनने मिळविला. एटीएसजीच्या बाबतीत तो १९.९ टक्क्यांपर्यंत होता. आपले काम मिळाले की त्या कंपनीच्या भागांची किंमत वाढणार हे ॲमेझॉनला ठाऊक होते, आणि जी वाढ आपल्यामुळे होणार तीत आपलाही वाटा असावा, हे तिने आधीच लिहून घेतले. वाहतूकदाराला भाडे देणारा गिऱ्हाईक त्याच भाड्याच्या बळावर त्याचा भागीदार होऊ शकतो, हे येथे प्रथमच इतक्या ठळकपणे दिसले.

ॲमेझॉनच्या या वाढत्या छायेतून निसटण्याचा मार्ग फेडएक्स या दुसऱ्या पार्सलसंस्थेने पत्करला. २०१९ च्या जून महिन्यात तिने ॲमेझॉनशी असलेला देशांतर्गत हवाई पार्सलांचा करार पुढे न चालविण्याचे जाहीर केले आणि ऑगस्टमध्ये जमिनीवरून जाणाऱ्या पार्सलांचा करारही मुदत संपताच सोडून दिला. हे धैर्य तिच्या ठायी कोठून आले? २०१८ सालच्या तिच्या एकूण उत्पन्नात ॲमेझॉनचा वाटा १.३ टक्क्यांहूनही कमी होता. ज्याच्यावाचून आपले अडत नाही त्याला नमस्कार करून निघणे तिला परवडत होते. यूपीएसची गोष्ट निराळी. २०२४ साली तिच्या उत्पन्नाचा ११.८ टक्के हिस्सा एकट्या ॲमेझॉनकडून येत होता. त्यामुळे २०२५ च्या जानेवारीत, ॲमेझॉन हे आपले सर्वांत मोठे गिऱ्हाईक असले तरी सर्वांत किफायतशीर नव्हे असे सांगून, तिची पार्सले २०२६ च्या उत्तरार्धापर्यंत निम्म्याहून कमी करण्याचे यूपीएसने ठरविले, तेव्हा त्याची किंमतही मोठी पडली: त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सुमारे २०,००० नोकऱ्या कमी करण्याचे आणि ७३ इमारती बंद करण्याचे तिने जाहीर केले. दोन्ही संस्थांनी एकाच दिशेचा निर्णय घेतला. पण एकीने तो वेळेवर घेतला आणि दुसरीने उशिरा, आणि या विलंबाचा भुर्दंड तिच्या कामगारांवर पडला.

आपल्या देशातही या प्रकारचे एक उदाहरण नुकतेच घडले. गुरुग्रामची ईकॉम एक्स्प्रेस ही २०१२ साली स्थापन झालेली कंपनी दुकानांवाचून होणाऱ्या व्यापाराची पार्सले गावोगाव पोहोचवीत असे, आणि तिच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा मीशो या एकाच व्यापारमंचाकडून येत असे. मीशोने व्हॅल्मो नावाची स्वतःची व्यवस्था उभी केली. ही व्यवस्था स्वतःच्या गाड्यांची नव्हे, तर अनेक लहान वाहतूकदारांना एका सूत्रात ओवून काम त्यांच्यात वाटून देणारी, आणि म्हणूनच उभारण्यास स्वस्त. काम तिकडे वळू लागताच ईकॉम एक्स्प्रेसच्या पायाखालची जमीन सरकली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये जी कंपनी भांडवल बाजारात भागविक्रीसाठी मसुदा दाखल करीत होती, ती २०२५ च्या एप्रिलमध्ये सुमारे १,४०० कोटी रुपयांस आपल्याच प्रतिस्पर्धी डेल्हिव्हरीकडे जात असल्याची घोषणा झाली. मीशोने येथे काही अन्याय केला असे मी म्हणत नाही. आपले काम कोणाला द्यावे हे ठरविण्याचा तिला हक्क आहेच. पण एका गिऱ्हाइकाच्या भरवशावर गोदामे बांधीत जाणाऱ्या प्रत्येक वाहतूकदाराने ही आठ महिन्यांची हकीकत ध्यानी ठेवावी, एवढे मात्र आग्रहाने सांगावेसे वाटते.

येथवर आपण मोठ्यांचीच गोष्ट केली. परंतु कंपनी आणि तिचा वाहतूकदार या दोघांमधील ओढाताण त्या दोघांपुरती राहत नाही. ज्याच्यावर दाब येतो तो आपल्याहून दुर्बळ असलेल्यावर तो ढकलतो, आणि ढकलता ढकलता तो अशा ठिकाणी येऊन थांबतो की जेथून पुढे ढकलण्यास कोणी उरलेले नसते. केएफसीची बहुसंख्य उपाहारगृहे तिच्या मालकीची नव्हती, तिचे नाव वापरण्याचा परवाना घेतलेल्या व्यापाऱ्यांची होती. स्वतःच्या मालकीच्या उपाहारगृहांतील नोकरांना बंदच्या दिवसांचे वेतन देण्याची व्यवस्था संस्थेने केली, पण परवानाधारकांनी तसेच करावे असे ती केवळ सुचवू शकत होती. ॲमेझॉनने २०१८ साली घरपोच वाटपासाठी जी योजना काढली तीत हजारो लहान कंत्राटदार आहेत. गाड्यांवर नाव ॲमेझॉनचे, गणवेश तिचा, रोजचा मार्ग तिच्या यंत्रणेने आखलेला, आणि चालक मात्र कंत्राटदाराचा नोकर. कॅलिफोर्नियातील पामडेल येथील अशा चालकांच्या बाबतीत ॲमेझॉन ही कंत्राटदाराबरोबर संयुक्त मालक ठरते, असा अभिप्राय अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्याने २०२४ साली दिला. कंपनीस तो मान्य नाही. याउलट यूपीएसचे चालक संघटित आहेत. १९९७ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या संघटनेच्या सुमारे १,८५,००० सभासदांनी पंधरा दिवस काम थांबविले तेव्हा त्यांच्यावाचून देशाचे व्यवहार कसे अडतात हे सर्वांना कळले. दुर्बळांनी एकत्र येऊन पर्यायच नाहीसा करणे, हाही इमर्सनने सांगितलेल्या समतोलाच्या मार्गांपैकीच एक.

आपल्याकडे ही उतरंड अधिक लांब आहे. चाकणच्या किंवा तळेगावच्या कारखान्यातून निघालेला माल कागदोपत्री एखाद्या अखिल भारतीय वाहतूक कंपनीच्या ताब्यात असतो. प्रत्यक्षात ती कंपनी दलालाला कळविते, दलाल एका-दोन गाड्यांच्या मालकाला शोधतो, आणि गाडी भरून निघते ती त्या मालकाच्या कर्जावर. देशातील बहुसंख्य मालमोटारी अशा लहान मालकांच्या आहेत. डिझेल रोख, टोल आगाऊ, चालकाचा भत्ता रोख, बँकेचा हप्ता तारखेला. आणि भाड्यातील आगाऊ मिळालेला भाग सोडला तर उरलेली रक्कम पोचपावती परत पोहोचून, बिल मंजूर होऊन, साठ-नव्वद दिवसांनी. कारखान्याच्या फाटकाबाहेर गाडी दोन दिवस उभी राहिली तर त्या खोळंब्याचे पैसे, ज्यांना रस्त्यावर हॉल्टिंग म्हणतात, ते मागितले तर मिळतात, मिळतीलच असे नाही, आणि मागणाऱ्याला पुढचे भाडे मिळेलच असेही नाही. एक पोते फाटले तर त्याची किंमत भाड्यातून कापली जाते. या सर्व व्यवहाराचा निष्कर्ष असा की, भांडवलाने तुडुंब भरलेली कंपनी दोन-तीन महिन्यांची उधारी घेते आणि ती उधारी देतो तो महिन्याचा हप्ता कसाबसा भरणारा गाडीमालक. याला कार्यक्षमता म्हणण्याचा प्रघात पडला आहे. मला तो मुळीच मान्य नाही. येथे खर्च कमी झालेला नसतो, तो केवळ ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या अंगावर टाकलेला असतो.

कायदा येथे काय करू शकतो, या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वी दिले आहे. मुंबईच्या बाजारपेठांत, गोद्यांत आणि वखारींत पाठीवर ओझी वाहणारा कामगार कोणाचाच नोकर नव्हता. व्यापारी मुकादमाकडे बोट दाखवी, मुकादम व्यापाऱ्याकडे. आणि आज या पेढीवर तर उद्या त्या पेढीवर काम करणाऱ्या हमालाला रजा नाही, निर्वाहनिधी नाही, दुखापत झाली तर विचारपूस करणारा धनी नाही, अशी स्थिती होती. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली हे कामगार संघटित झाले आणि १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा संमत झाला. त्या कायद्याची रचना मोठी सुज्ञ आहे. खरा मालक कोण, या न संपणाऱ्या वादात तो शिरलाच नाही. सरकार, मालक आणि कामगार या तिघांच्या प्रतिनिधींचे मंडळ त्याने मध्ये उभे केले. ज्याचा माल उचलला जातो त्याने मजुरी आणि तीवर ठरविलेली वर्गणी मंडळाकडे भरावयाची, आणि मंडळाने कामगाराला वेतन, निर्वाहनिधी, सानुग्रह अनुदान, औषधपाणी द्यावयाचे. धनी रोज बदलला तरी हक्क बदलत नाहीत. पुढे या मंडळांच्या कारभारात दोष शिरले, त्यांच्या नावावर खंडणी उकळणारेही निघाले, आणि उद्योजकांच्या तत्संबंधी तक्रारी पुष्कळदा रास्त आहेत. पण म्हणून मूळ कल्पनेचे मोल कमी होत नाही.

मालमोटारीच्या लहान मालकासाठी इतके भक्कम काही नाही. तथापि २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रमांच्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उपक्रमाचे पैसे, करारात काहीही लिहिलेले असले तरी, ४५ दिवसांच्या आत देणे बंधनकारक आहे. लेखी करारच नसेल तर ही मुदत १५ दिवसांची. आणि विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज. ही तरतूद अनेक वर्षे बहुतांशी कागदावर राहिली, कारण दाद मागावयाची तर ज्याच्याकडून उद्याचे भाडे मिळवायचे त्याच्याविरुद्धच आज तक्रार करावी लागे. २०२३ च्या वित्त कायद्याने त्यावर एक मार्मिक उपाय काढला. अशा उपक्रमांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ती रक्कम खर्च म्हणून त्या वर्षीच्या करपात्र उत्पन्नातून वजा करता येणार नाही, ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली जाईल त्याच वर्षी वजा होईल, असा नियम २०२४-२५ या आकारणी वर्षापासून लागू झाला. माथाडी कायद्यात आणि या नियमात एक साम्य आहे आणि तेच मला महत्त्वाचे वाटते: दुर्बळाने धाडस करून पुढे यावे, अशी अपेक्षा दोन्हींत नाही. पैसे थकविणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या हिशेबतपासनिसाकडूनच विचारणा होते.

हा नियम मात्र उतरंडीच्या प्रत्येक पायरीवर आपोआप पोहोचत नाही. कारखाना आणि मोठी वाहतूक कंपनी यांच्यातील उधारीला तो लागू नाही. मोठी कंपनी आणि गाडीमालक यांच्यातील उधारीला लागू होतो, पण गाडीमालकाची सूक्ष्म वा लघु उपक्रम म्हणून उद्यम नोंदणी असेल तरच. यास्तव ज्यांच्या एक-दोन गाड्या रस्त्यावर आहेत त्यांनी ही नोंदणी करून घ्यावी, तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा, आणि बिल्टी व पोचपावती यांच्या प्रती, गाडी फाटकावर पोहोचल्याच्या आणि रिकामी झाल्याच्या वेळेसह, स्वतःजवळ जपून ठेवाव्यात. आणि ज्या कारखान्यांतून हा माल निघतो तेथील अधिकाऱ्यांना विनंती अशी की, वाहतूक कंपनीशी पुढचा करार करताना त्यात एक कलम घालावे: मागील महिन्यात ज्या गाड्यांनी माल वाहिला त्यांच्या मालकांना भाडे कोणत्या तारखेस पोहोचले, याचा दाखला जोडल्याखेरीज वाहतूक कंपनीचे बिल मंजूर होणार नाही. असे कलम लिहून घेण्याइतकी सत्ता त्यांच्या हाती आज आहे.